मदत हवी आहे : भाऊ आश्रमात, आता जमिनीचा प्रश्न

धाकटा भाऊ, वय 26, आठ महिने एका महाराजांच्या आश्रमात आहे. नोकरी सोडली. फोन आश्रमाकडे, रविवारी दहा मिनिटं बोलणं, तेही स्पीकरवर.

मिसिंग दिली होती. त्याने "स्वखुशीने राहतोय" असा जबाब दिला आणि तक्रार बंद झाली. सज्ञान आहे, डांबल्याचा पुरावा नाही, म्हणून हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्यासाठीची याचिका) टिकणार नाही असं वकील म्हणाले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसेल असा अघोरी प्रकार दिसलेला नाही. महाराजांबद्दल वाद घातला तेव्हा तीन आठवडे फोनच आला नाही. आता मी त्याच्याशी फक्त घरच्या गप्पा मारतो, पैसे पाठवत नाही.

आता तो शेतीतला आपला हिस्सा "सेवेला", म्हणजे आश्रमाला, द्यायचा म्हणतोय. शेती वडिलोपार्जित, वाटप झालेलं नाही, सातबाऱ्यावर वडील, मी आणि तो. अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही हे ठाऊक आहे, पण दस्त एकदा नोंदला की कोर्टाच्या खेपा आल्याच.

दुय्यम निबंधक (दस्त नोंदणारे अधिकारी) आधी दिलेल्या लेखी हरकतीवर बक्षीसपत्र थांबवतात का, की तलाठ्याकडे फेरफाराच्या (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या) नोटिशीच्या 15 दिवसांतच हरकत घ्यायची? आणि मनाईसाठी दावा लावला, तर रविवारचा तो फोनही बंद होणार नाही असं कुणी कसं सांभाळलं?