सिलोजिनी क्रिस्टाटा: बल्ब सुरकुतले, दोन वर्षांत फूल नाही (दर्यापूर)

काळी_कसदार: हिमालयातलं पांढऱ्या फुलांचं सुवासिक ऑर्किड. 6 इंची प्लास्टिक कुंडीत कोकोपीट आणि थोडं शेणखत. बोअरचं पाणी रोज. 19:19:19 हे विद्राव्य खत पंधरा दिवसांनी, लिटरला 5 ग्रॅम. जागा टिनाच्या पडवीत, बाराही महिने तीच. पानांची टोकं करपली आहेत आणि ऐन ऑगस्टमध्ये बल्ब (पानांखालची फुगीर खोडं) सुरकुतलेत. पाणी कमी पडतंय का?

सातपुडा_माळी: कमी नाही भाऊ, जास्त होतंय. हिवाळ्यात बल्ब थोडे सुरकुतले तर चालतं. पावसाळ्यात सुरकुतले म्हणजे मुळं सडली. कुंडी उलटी करून बघा: मूळ चिमटीत धरल्यावर साल निघून आत नुसता दोरा उरला तर ते मेलेलं. पांढरं, टणक ते जिवंत.

हे झाडावर वाढणारं ऑर्किड, मुळांना हवा लागते. कोकोपीट चिखलासारखं बसतं, त्यात शेणखत म्हणजे कहरच. आत्ताच कुंडी बदला. मेलेली मुळं तापवून गार केलेल्या ब्लेडनं कापा. पसरट, भरपूर भोकांची मातीची कुंडी घ्या. माध्यम: बोराएवढे लाकडी कोळशाचे तुकडे 1 भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे 2 भाग. सोडण तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, नाहीतर त्यातलाच क्षार मुळांना लागतो. गड्डा फोडू नका. मोठा गड्डाच नीट फुलतो. नंतर आठवडाभर फक्त फवारा.

तूर_आणि_फुलं: टोकं करपण्याचं कारण पाण्यात आहे. दर्यापूर खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागात येतं, तिथलं बोअरचं पाणी ऑर्किडला देऊच नये. छपरावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवा, पहिल्या सरीचं सोडून. 200 लिटरचा एक झाकणबंद ड्रम दोन कुंड्यांना पुढच्या जूनपर्यंत पुरतो.

लिटरला 5 ग्रॅम हा कपाशीवरच्या फवारणीचा डोस झाला! इथं अर्धा ग्रॅम, तोही जून ते सप्टेंबर. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा.

काळी_कसदार: कोळशाऐवजी विटांचे तुकडे चालतील का? आणि फुलाचं काय?

तूर_आणि_फुलं: वीट क्षार धरून ठेवते. तुमच्या पाण्यावर तर नकोच.

सातपुडा_माळी: फुलासाठी थंडी आणि कोरडेपणा दोन्ही लागतात. पडवीतून काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाडाखाली उघड्यावर टांगा, सकाळचं कोवळं ऊन लागू द्या. खत बंद, पाणी दहा-बारा दिवसांनी, बल्ब फार आक्रसू नयेत एवढंच. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याला मानवतात. कळीचा दांडा दिसला की पाणी हळूहळू वाढवा.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. मूळ वस्ती साधारण 1500 मीटरच्या वरची आणि इथं पारा 45. टिनाखाली तर भट्टीच. कूलरच्या खोलीत उजेडाच्या खिडकीपाशी ठेवा, झोताच्या थेट समोर नाही. कूलर रात्रीही हवा. रात्र तापली की नवे कोंब खुंटतात. पावसाळ्यात पाणी सकाळीच द्या. कोंबाच्या पोंग्यात रात्रभर साचलं की तो काळा पडतो. तसं झालं तर कापून त्या जागी दालचिनीची पूड लावा, मुळांना मात्र लावू नका.

चिखलदरा_वाट: रात्रभर कूलर चालणार नसेल, वीज जात असेल, तर हा नाद सोडा. त्याऐवजी रास्ना, म्हणजे व्हँडा टेसेलाटा हे ऑर्किड लावा: आपल्याच मातीतलं, सुवासिक आणि उन्हाला दाद न देणारं. नर्सरीतलं रोप घ्या, मेळघाटातून ओरबाडून नाही. पहिल्या पावसात आंब्याच्या किंवा बाभळीच्या खडबडीत खोडावर पूर्वेच्या बाजूनं सुती पट्टीनं बांधा. पेरू, निलगिरी नको, त्यांची साल सुटते. आणि घरचे बांडगूळ म्हणून तोडायला निघाले तर सांगा, हे झाडाचा रस ओढत नाही.

काळी_कसदार: कुंडी उपसली. तीन मुळं टणक आहेत, बाकी दोरे.

सातपुडा_माळी: तिन्हींवर जमेल. सावलीत ठेवा, कोंबाला नवी मुळं फुटेपर्यंत खताचा डबा उघडू नका.