लाहौल-स्पितीच्या बोली जनगणनेत वेगळ्या छापाव्यात का?

घाटवाटा
हिमाचलातला लाहौल-स्पिती जिल्हा १३,८४१ चौरस किलोमीटरचा, आणि २०११ साली माणसं ३१,५६४. म्हणजे चौरस किलोमीटरला दोघं-तिघं. २००१ साली ३३,२२४ होती, म्हणजे दहा वर्षांत घटच झाली. पण बोली बघा: पट्टन खोऱ्यात पट्टनी, चंद्रा नदीच्या काठाला तिनन, भागा नदीच्या काठाला गाहरमध्ये बुनन, स्पितीत भोटी. शिवाय चिनाली आणि लोहारी. या दोन आपल्या मराठीसारख्या आर्यकुळातल्या, बाकी सगळ्या तिबेटो-बर्मी. जिल्ह्याचं मुख्य गाव केलाँग, तिथल्या बाजारात दोन खोऱ्यांतले लोक भेटले की बरेचदा हिंदीत बोलतात, इतक्या या बोली एकमेकींपासून लांब.

जनगणनेत मात्र लाहौलच्या नावाची एकच ओळ, ‘लाहौली’. देशभरात दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नावं १९७१ पासून छापतच नाहीत, ‘इतर’मध्ये ढकलतात. बर्फाळ भागांसाठी पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, १ ऑक्टोबर २०२६ ठरलाय. त्या वेळी तरी ही दहा हजारांची अट काढावी असं माझं ठाम मत आहे.

आकडेमोड
असहमत. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ होती. त्यात एकाच बोलीची चार स्पेलिंगं, गावाचं नाव, जातीचं नाव, सगळं आलं. छाननी करून १,३६९ मातृभाषा उरल्या. अट काढलीत तर हा कचरा भाषा म्हणून छापला जाईल.

आणि तुमच्याच लाहौलचा तोटा होईल. आज ‘लाहौली’ म्हणून निदान एक ओळ आहे. चार तुकडे केलेत की प्रत्येक तुकडा दहा हजारांच्या खाली.

घाटवाटा
अट राहिली तरच खाली जातील ना! मी अटच काढा म्हणतोय. छाननी जरूर करा, पण छाननीतून जी खरी बोली ठरली तिचं नाव तरी छापा. चिनाली बोलणारे मुळातच थोडे. सरकारी कागदावर नावच नसेल तर तिच्या वाचनमाला-शब्दकोशासाठी कोण कुणाकडे काय मागणार?

शाळामास्तर
आकडा छापून बोली टिकत नाही. शाळा हिंदीत, नोकरी हिंदीत, आणि कित्येक लाहौली कुटुंबांचं दुसरं घर कुल्लूत. ऑक्टोबर २०२०मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून ये-जा आणखी सोपी. बोगदा हवाच होता, हिवाळ्यात आजारी माणूस अडकून पडायचा. पण बोलीचं भवितव्य घरात ठरतं. तिथे आई-बाप मुलांशी हिंदीत बोलत असतील तर तक्त्यातली ओळ काय करणार?

बर्फवाट
भाषेसारखंच धर्माचंही. २०११ मध्ये या जिल्ह्यात बौद्ध सुमारे ६२ टक्के, हिंदू ३७. पण पट्टन खोऱ्यातल्या त्रिलोकनाथच्या देवळात एकाच मूर्तीला हिंदू शिव म्हणून पूजतात आणि बौद्ध बोधिसत्त्व अवलोकितेश्वर म्हणून. ज्याला दोन्ही आपले वाटतात त्याला दोन धर्म नोंदवू द्यावेत. शिवाय इथली गणती सप्टेंबरात होते, तेव्हा झारखंड-नेपाळचे रस्त्यावरचे मजूरही खोऱ्यात असतात. त्यामुळे टक्केवारी जपून वाचावी.

भीमाकाठ
मजुरांचा मुद्दा मान्य. दोन धर्मांची कल्पना अजिबात नाही. २०११ मध्ये देशातल्या साधारण ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले होते. १९५६ नंतर आमच्या आज्या-आजोबांनी प्रगणकासमोर (गणती करायला येणाऱ्यासमोर) ‘बौद्ध’ असंच लिहा म्हणून आग्रह धरला, तेव्हा हा आकडा उभा राहिला. ‘दोन्ही चालतं’ अशी सोय झाली की दुबळ्या बाजूचा आकडा आधी पातळ होतो. देवळात कुणीही एकत्र जावं. कागदावर मात्र माणसानं एक उत्तर द्यावं, आणि ते त्याच्याच तोंडचं असावं.

बर्फवाट
महाराष्ट्रातला इतिहास वेगळा. तिथे एक धर्म सोडून दुसरा घेतला होता. पट्टन खोऱ्यात कित्येक पिढ्या दोन्ही एकाच घरात नांदताहेत. त्यांच्यावर ‘एक निवडा’ ही सक्ती कशाला?

भीमाकाठ
कारण त्या आकड्यावर पुढे हक्क मागायचे असतात, पट्टनमध्येही आणि इकडेही.

आकडेमोड
भाषेपुरती एक तडजोड सुचवतो. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा फॉर्मात विचारतातच. दहा हजारांची अट देशपातळीच्या तक्त्याला ठेवा, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत मात्र छाननी झालेल्या सगळ्या बोली द्या.

घाटवाटा
जिल्ह्याच्या पुस्तिकेपासून सुरुवात मला चालेल. पण देशाच्या तक्त्याचा आग्रह मी सोडत नाही. आणि प्रगणक त्या खोऱ्यातलाच हवा. बाहेरच्याला लोक सोपं म्हणून ‘लाहौली’ सांगतात, घरच्या माणसाला पट्टनी की बुनन ते सांगतील.