मदत हवी आहे: थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या अल्युमिनियमचे उभे सॅम्पल लवकर तुटतात, टी६ (भट्टीतली हीट ट्रीटमेंट) केलं की ताकद जाते

मंडळी, लेझर पावडर बेडवर (धातूची पावडर लेझरने थराथराने वितळवणारं मशीन) एएलएसआय१०एमजीचा, म्हणजे सिलिकॉन-मॅग्नेशियमवाल्या अल्युमिनियम मिश्रधातूचा, ब्रॅकेट छापतोय. ३७० वॅट, १३०० मिमी प्रति सेकंद, हॅच (लेझरच्या शेजारच्या ओळींमधलं अंतर) ०.१९ मिमी, थर ३० मायक्रॉन. म्हणजे ऊर्जा घनता ५० जूल प्रति घन मिमीच्या आसपास.

छापल्या छापल्या ताकद झकास, ४०० मेगापास्कलच्या वर. रडगाणं आहे ते इलॉन्गेशनचं, म्हणजे तुटण्याआधी किती ताणलं जातं त्याचं. आडवे सॅम्पल बऱ्यापैकी ताणले जातात, उभे (थर चढतात त्या दिशेत ओढलेले) मात्र त्याच्या निम्म्यातच राम म्हणतात. तुटलेला तुकडा पॉलिश आणि एच करून (रसायनाने हलकं कोरून) मायक्रोस्कोपखाली धरला, तर माशाच्या खवल्यांसारखे मेल्ट पूल (लेझरने वितळून गोठलेली डबकी) एकावर एक, आणि भेग बरोब्बर त्यांच्या काठाकाठाने गेलेली. काठावरची सिलिकॉनची जाळी आतल्यापेक्षा जाडसर असते, आणि उभ्या ओढीत हे काठ ताणाला आडवे येतात. तेव्हा कारण कळलंय, घोडं उपायापाशी अडलंय.

टी६ करून पाहिलं: ५३० अंशांना सोल्यूशन (घटक अल्युमिनियममध्ये विरघळवणं), पाण्यात क्वेंच (झटकन थंड करणं), १६० ला एजिंग (कमी तापमानाला ठेवून कडक करणं). दोन दिशांमधला फरक जवळपास मिटला, पण ताकद ३०० च्या आसपास आली. जाळी तुटून सिलिकॉनचे गोळे होतात. ज्या बारीक जाळीसाठी लेझरचा एवढा खटाटोप, तीच भट्टीत घालवायची! वर एका पातळ भिंतीवर फोडही आले.

मला यील्ड (कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा) २०० मेगापास्कलच्या खाली चालणार नाही आणि उभ्या दिशेत ८ टक्के इलॉन्गेशन हवं. नुसतं एजिंग पुरेल का, की हिप (गरम करून वायूच्या दाबाने छिद्रं दाबणं) करावं? स्कँडियम-झिर्कोनियमवाला मिश्रधातू माहीत आहे, पण स्कँडियमची किंमत परवडणारी नाही.

प्रतिसाद:
नुसत्या एजिंगने यील्ड वाढेल, इलॉन्गेशन नाही. जाळी जशीच्या तशी राहते, भेगेचा रस्ताही तोच. तुमचं उत्तर मधल्या पट्ट्यात आहे. साधारण २५० ते ३०० अंशांत जाळी तुटायला लागते, पण सिलिकॉनचे कण अजून फार जाड झालेले नसतात. ३०० ला दोन तास हा नेहमीचा स्ट्रेस रिलीफ (आतले ताण घालवणं) तुमच्या यील्डला जड जाईल. २७० च्या आसपास वेळ बदलून सॅम्पल काढा, आधी हार्डनेस बघा, मग टेन्साइल. क्वेंच नसल्यामुळे पातळ भिंती वाकायची भीतीही कमी.

फोड हे हायड्रोजनचं काम. पावडरच्या कणांवरचा ओलावा वितळताना आत जातो आणि सोल्यूशनच्या तापमानाला छिद्रं फुगतात. पावडर वाळवा, जुनी किती वेळा फिरवलीत तेही तपासा. हिपने छिद्रं मिटतात खरी, पण अडकलेला वायू जात नाही, नंतर टी६ केलं की ती पुन्हा उघडू शकतात. म्हणून हिपचा खर्च मी तरी आत्ता करणार नाही.

एक सांगा, ब्रॅकेटवरचा भार स्थिर आहे की चढउताराचा? चढउताराचा असेल आणि पृष्ठभाग मशीनिंग न करता तसाच ठेवणार असाल, तर हीट ट्रीटमेंटआधी त्या खडबडीत सालीचं आणि तिच्या लगेच खालच्या छिद्रांचं बघावं लागेल.

धागाकर्ता:
चढउताराचाच आहे. साल तशीच ठेवणार होतो. कॉन्टूरची (कडेने फिरणाऱ्या लेझरची) सेटिंग्ज आणि २७० चे आकडे इथेच टाकतो.