क्यूबला दोनदा ल्यूब घातलं तरी जड फिरतोय, आणि एका बाजूला कटकट आवाज

साडेबारा_सेकंद

मॅग्नेटिक ३×३ रुबिक क्यूब आहे, स्प्रिंगवाला. साधारण वर्षभर रोज वापरात. मध्यंतरी खरखरीत लागायला लागला म्हणून सिलिकॉन ल्यूबचे (वंगणाचे) ४ थेंब घातले. आठवडाभर छान चालला, मग पुन्हा जड. परवा आणखी ५ थेंब घातले, तर आता चिखलातून फिरवल्यासारखा वाटतो. शिवाय पांढरी बाजू फिरवताना आतून कट-कट आवाज येतो आणि पांढऱ्या-लाल जोडाशी लेयर (थर) अडकतात. बाकी बाजू शांत आहेत.

ल्यूब चुकीचं निवडलं का, की प्रमाण चुकलं? आणि आवाजासाठी नेमकं कुठे ल्यूब घालायचं? स्पर्धेला तीन आठवडे आहेत.

एज_आधी

आधी ल्यूबची बाटली बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेली तीन दुखणी वेगवेगळी आहेत आणि आणखी थेंब घातल्याने त्यातलं एकही बरं होणार नाही.

जडपणा मळाचा आहे. प्लास्टिकवर प्लास्टिक घासलं की बारीक भुकटी पडते. वर हाताचा घाम, धूळ, कपड्यांचे तंतू. कोरड्या क्यूबमधून ही भुकटी थोडीफार गळून तरी पडते. सिलिकॉन असलं की ती त्यात कालवली जाते आणि राखाडी लगदा होतो. नवं ल्यूब पडलं की लगदा काही दिवस पातळ होतो, क्यूब सुधारल्यासारखा वाटतो, आणि मग आधीपेक्षा जास्त चिकटतो. तुमचा ‘आठवडाभर छान’ हा तोच प्रकार. खात्री करायची असेल तर एक एज (दोन रंगांचा, कडेचा तुकडा) काढा आणि त्याचा आतला पाय कोऱ्या टिश्यूवर ओढा. राखाडी रेघ उमटली की पूर्ण सफाई करायला घ्या.

आधी रंग जुळवून क्यूब सोडवून ठेवा. वरचा लेयर ४५ अंश फिरवा, त्या लेयरच्या एका एजखाली अंगठा घालून तो बाहेरच्या बाजूला उचला. पहिला एज निघाला की बाकीचे तुकडे हातानेच सुटतात: १२ एज आणि ८ कॉर्नर (कोपऱ्याचे तुकडे). सहा सेंटर (बाजूंचे मधले तुकडे) कोअरवरच, म्हणजे आतल्या सांगाड्यावरच राहू द्या. स्क्रूड्रायव्हर खुपसून तुकडे उचकटू नका. पायाच्या कडेवर ओरखडा पडला की तो दर फेरीला त्याच जागी अडतो, आणि ल्यूबने तो भरून येत नाही.

सुटे तुकडे आधी कोरड्या टिश्यूने नीट पुसा. निम्म्याहून जास्त घाण इथेच निघते, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळून थेट पाण्यात टाकतात. सिलिकॉन नुसत्या पाण्याने सुटत नाही. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, त्यात दहा मिनिटं, आणि मऊ टूथब्रशने पायांच्या खोबणी. उकळतं पाणी नको. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर तर मुळीच नको, ॲसिटोनमध्ये एबीएस प्लास्टिक विरघळतं. कोअर पाण्यात घालायचा नाही, स्क्रू आणि स्प्रिंगा गंजतात. सेंटरच्या खालच्या कमानी कापसाच्या काडीने पुसून घ्या, एज त्यांच्यावरूनच सरकतात.

परत जोडताना रंग जुळवत, सोडवलेल्या स्थितीतच जोडा. तुकडे कसेही बसवले तर क्यूब सुटण्यासारखा निघायची शक्यता १२ पैकी १ एवढीच. शेवटचा एज बसवताना पुन्हा वरचा लेयर ४५ अंश फिरवून दाबायचा.

मधला_थर

वरचं सगळं बरोबर, फक्त पाण्याबाबत माझं मत वेगळं आहे. मॅग्नेटिक क्यूबचे तुकडे मी पाण्यात बुडवायला सांगणार नाही. आतले निओडिमियम चुंबक निकेलच्या पातळ मुलाम्याखाली असतात. तुकडा दोन-तीन भाग जोडून केलेला असतो, त्या फटीतून पाणी चुंबकाच्या कप्प्यात शिरतं आणि तिथे दिवसभर बसून राहतं. मुलामा कुठे टवकलेला असला तर चुंबक गंजून फुगतो आणि मग सैल होतो. टिश्यूने पुसून, कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त आतल्या सरकत्या जागा साफ केल्या तरी काम होतं. बाहेरच्या चकचकीत लेपाला मात्र ते लावू नका.

धुवायचेच असतील तर तुकडे पंख्याखाली किमान २४ तास वाळवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर ताकद गमावू लागतात, आणि चिकटवलेले असतील तर त्याआधी गोंदच सैल पडतो.

पाव_फेरा

आवाज आणि पांढऱ्या-लालचं अडकणं माझ्याकडे द्या, कारण हे दोन्ही सफाईने जाणार नाही.

प्रत्येक सेंटरच्या झाकणाखाली एक स्क्रू आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असते, स्क्रूचं डोकं आणि सेंटरचा तळ यांच्यामध्ये दाबून बसवलेली. बाजू फिरते तेव्हा सेंटर स्क्रूभोवती फिरतो, स्क्रू जागच्या जागी असतो. मधल्या स्प्रिंगने कुठेतरी घसरायला हवं. ते टोक कोरडं असेल तर स्प्रिंगचं कापलेलं टोक प्लास्टिकला किंवा स्क्रूच्या डोक्याला धरून ठेवतं, थोडं पिळलं जातं आणि मग सुटतं. तीच तुमची कट. म्हणजे तुम्ही नऊ थेंब घातलेत, पण गरज होती तिथे एकही पोहोचलेला नाही. तुकड्यांमधून घातलेलं ल्यूब झाकणाखाली उतरत नाही.

झाकण नखाने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उचला. स्क्रू पूर्ण काढा, पण एका वेळी एकाच बाजूचा, म्हणजे भाग मिसळत नाहीत. स्क्रू, वॉशर, स्प्रिंग कोणत्या क्रमाने निघालं ते बघून ठेवा. स्प्रिंग पुसा, दोन्ही टोकांना घट्ट सिलिकॉनचा अगदी बारीक ठिपका लावा (टाचणीच्या डोक्याएवढा पुरतो), आणखी एक स्क्रूच्या डोक्याच्या खालच्या अंगाला. परत बसवा. वॉशर नसेल तर आवाज काही महिन्यांनी परत येऊ शकतो. वॉशर असलेल्यांत फार क्वचित येतो.

याच कोरड्या स्प्रिंगमुळे स्क्रूसुद्धा हळूहळू फिरतो. सेंटर स्प्रिंगला ओढतो, स्प्रिंग स्क्रूच्या डोक्याला. म्हणून आवाज असलेल्या बाजूचं टेन्शन (स्क्रूचा घट्टपणा) बहुतेक वेळा बदललेलं सापडतं, आणि तुमचं पांढऱ्या-लालचं अडकणं तिथूनच आलेलं असणार. शेजारच्या दोन बाजूंपैकी एक सैल, एक घट्ट असली की जोडावरचा एज सैल बाजूला झुकतो आणि त्याचा कोपरा पुढच्या लेयरच्या वाटेत येतो.

तपासायला पांढरा सेंटर आणि त्याच्या समोरचा पिवळा चिमटीत धरून हलकेच बाहेर ओढा. कोणता जास्त उचलला जातो ते बघा. तिन्ही जोड्या अशा बघून घ्या. जो वेगळा वाटेल त्याचा स्क्रू पाव फेरा फिरवा, जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने घट्ट, उलट दिशेने सैल. मग ५०-६० चाली फिरवून पुन्हा ओढून बघा. अंदाजच येत नसेल तर सहाही स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या (जोर लावायचा नाही, कोअरमधले आटे प्लास्टिकचे असतात) आणि सगळे सारखेच फेरे मोजून मागे आणा.

किती सैल ठेवायचा, हा हाताचा प्रश्न आहे. कसोटी अशी: वरचा लेयर थोडा वाकडा ठेवून उजवी बाजू फिरवा. अर्ध्या तुकड्याइतका वाकडा असतानाही अडखळत असेल तर घट्ट आहे. फिरवताना लेयर हलत असतील, एज उडत असेल किंवा कॉर्नर जागेवर फिरत असेल तर सैल. स्पर्धेत सॉल्व्ह चालू असताना एकच कॉर्नर फिरल्यामुळे क्यूब सुटत नसेल, तर तो न उघडता जागच्या जागी पिळून सरळ करायची परवानगी वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या नियमांत आहे. पण तो ओळखण्यात वेळ जातो, आणि तो कोणी परत देत नाही.

स्क्रू पुन्हा फिरू नये म्हणून आट्यांना थ्रेडलॉकर लावायचा सल्ला काही ठिकाणी दिसतो. तो धातूच्या आट्यांसाठी असतो. एबीएसला त्याने तडे जातात.

थेंबाथेंबाने

ल्यूबचा प्रश्न राहिला. सिलिकॉन निवडलंत यात चूक नाही, पण कोणतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

सिलिकॉन तेलाची घट्टता सेंटिस्टोक्समध्ये मोजतात. पाणी साधारण १, घट्ट मध १०,०००च्या आसपास. रिमोट कंट्रोलच्या गाड्यांच्या डिफरेन्शियलसाठी मिळणारी तेलं क्यूबलाही चालतात, त्यांच्यावर १०,०००, ३०,०००, ५०,००० असे आकडे असतात. क्यूबसाठी विकलं जाणारं घट्ट ल्यूबही याच जातीचं. ३०,०००-५०,००० ची जागा कोअरमध्ये: स्प्रिंग, स्क्रू, सेंटरच्या कमानी. तिथे दाब जास्त असतो, पातळ तेल पिळून बाहेर येतं. तुकड्यांवर तेच घातलं तर वेग कमी होतो आणि हाताला उशी लागल्यासारखी वाटते. ज्यांच्या हाताखालून लेयर पुढे निघून जातो त्यांना ते हवं असतं. तुम्हाला वेग हवा असेल तर तुकड्यांना १०,००० किंवा त्याहून पातळ घ्या.

दुसरी जात पाण्यावर आधारलेली. डीएनएम-३७ हे त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. घातल्यावर लगेच क्यूब हलका आणि वेगवान होतो, पण पाणी उडून गेलं की परिणाम ओसरतो, म्हणून पुन्हा-पुन्हा घालावं लागतं. हे सिलिकॉनला पर्याय म्हणून वापरू नका, त्याच्या वरचा हात म्हणून वापरा. आधी सिलिकॉन, ते पूर्ण पसरून बसलं की मग पाण्याचं. उलट क्रमाने घातलं तर ओल्या प्लास्टिकवर सिलिकॉन धरत नाही, गोळे होऊन कोपऱ्यात साचतं.

प्रमाण: ३×३च्या तुकड्यांना सिलिकॉनचे दोन थेंब. खरंच दोन. एक एज काढा, एक थेंब त्याच्या पायाच्या गोल पाठीवर, दुसरा त्या रिकाम्या जागेतून दिसणाऱ्या कॉर्नरच्या पायावर. एज बसवा आणि सहाही बाजू वापरत तीन-चार मिनिटं नुसता फिरवत राहा. एकाच बाजूला खेळलात तर तिथेच राहतं. घातल्या-घातल्या क्यूब जड लागेल. नेमक्या याच क्षणी लोक आणखी दोन थेंब घालतात आणि तिथून सगळं बिघडतं. ५०-१०० सॉल्व्हनंतर थर पातळ होऊन खरा स्वभाव कळतो, तोवर हात लावू नका.

व्हॅसलिन, शिवणयंत्राचं तेल, गंज सोडवायचे स्प्रे यातलं काहीही नको. सगळं पेट्रोलियमचं असतं. प्लास्टिक मऊ किंवा ठिसूळ होतं आणि धूळ ओढली जाते. खोबरेल तेलही नको. कालांतराने ते खवट, चिकट होतं, आणि थंडीत गोठतं.

तीन आठवडे पुरेसे आहेत. सफाई आणि सिलिकॉन आत्ता उरका. शेवटच्या आठवड्यात कोअर उघडायचा नाही आणि सिलिकॉनही नाही. स्पर्धेच्या सकाळी पाण्याच्या ल्यूबचे एक-दोन थेंब चालतील, पण ते आधी सरावात वापरून पाहिलेलं असू द्या.

साडेबारा_सेकंद

सगळ्यांचे आभार. टिश्यूवर राखाडी नाही, चक्क काळी रेघ आली. मधला_थर यांचं ऐकून पाण्याविना साफ केला. पांढऱ्या बाजूची स्प्रिंग पूर्ण कोरडी होती आणि स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा सैल. ठिपका लावून घट्ट केला, कट-कट थांबली, अडकणंही गेलं. तुकड्यांना १०,००० चे दोन थेंब घातले.

आता एकच राहिलं. हिरवी बाजू चारपैकी एका ठिकाणी नीट लागत नाही. बाकी तीन ठिकाणी चुंबक टक् करून धरतात, चौथ्यावर बाजू जराशी पुढे सरकून थांबते. सफाईआधी असं नव्हतं.

मधला_थर

ही खूण बहुधा सैल किंवा उलटलेल्या चुंबकाची असावी. पुसताना निसटला असावा. हिरव्या बाजूचे चार कॉर्नर आणि त्यांच्या मागच्या मधल्या थरातले चार एज काढा आणि एकेक कानाजवळ धरून हलवा. ज्यात खुळखुळ ऐकू येईल तो सैल. एकही वाजला नाही तर प्रत्येक एज त्याच्या शेजारच्या हिरव्या कॉर्नरला लावून बघा. सगळ्या जोड्या ओढल्या गेल्या पाहिजेत. जी ढकलते किंवा काहीच करत नाही, तीत दोष आहे. त्यातला एज की कॉर्नर हे कळायला दोन्ही तुकडे एकेका चांगल्या तुकड्याशी ताडून बघा.

काही क्यूबमध्ये चुंबक झाकणाच्या कप्प्यात असतो. तो नुसता उघडून, सरळ करून बंद करायचा. चिकटवलेला असेल तर चिकटवण्याआधी शेजारचा चांगला तुकडा जवळ आणा, चुंबकाची जी बाजू ओढली जाते तिच्यावर मार्करने ठिपका द्या, आणि मगच सुपरग्लूचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब. चुंबक धरायला लोखंडी चिमटा घेऊ नका, तो चिमट्यालाच चिकटून बाहेर येतो. लाकडी काडी बरी. तुकडा रात्रभर उघड्यावर राहू द्या. सुपरग्लूच्या वाफेने प्लास्टिकवर पांढुरकी बुरशीसारखी झाक येते, आणि लगेच जोडलात तर ती सगळ्या क्यूबभर आत पसरते.

तो तुकडा परत बसवताना नवीन ल्यूब घालू नका. आधीचे दोन थेंब आता त्याच्या शेजाऱ्यांवर आहेत, पन्नासेक चालींत त्याच्यावरही येतील.