घोट्यातल्या कार्टिलेजला (हाडावरच्या गुळगुळीत कूर्चेला) इजा, ऑपरेशन करावं का?

पावसाळी: ८ महिन्यांपूर्वी पाय मुरगळला, सूज उतरली पण घोट्यात आतून दुखणं थांबेना, एक्स-रे नॉर्मल होता, आता एमआरआयमध्ये टॅलसच्या (घोट्यातलं एक हाड) कार्टिलेजला आणि खालच्या हाडाला इजा दिसलीय, ९ मिमी. डॉक्टर मायक्रोफ्रॅक्चर म्हणतायत. कुणी केलंय का? खूप धास्ती वाटतेय.

भटक्या: मी केलंय. दुर्बिणीतून हाडाला बारीक भोकं पाडतात म्हणजे मज्जेतलं रक्त येऊन तिथे नवा थर धरतो, कार्टिलेजला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो ना. तो थर मूळच्याइतका टिकाऊ नसतो हे मात्र खरं. मला ६ आठवडे कुबड्या होत्या, पाय टेकायचाच नाही, तेच सगळ्यात जड गेलं.

निळाई: इजा झालेला तुकडा सुटलाय की जागेवर आहे हे आधी विचारा हो. जागेवर असेल तर बहुतेकदा आधाराचा बूट, आराम आणि फिजिओ करून बघतात. इजा साधारण १५ मिमीच्या वर असेल किंवा खाली हाडात मोठी सिस्ट (पोकळी) असेल तर गुडघ्यातून कार्टिलेजसकट हाडाचा तुकडा काढून बसवायचा विचार करतात, तुमची तेवढी मोठी नाहीये.

पावसाळी: रिपोर्टमध्ये तुकडा जागेवरच लिहिलाय! आणि फिजिओ मी दोनच आठवडे केली होती. उद्याच डॉक्टरांना विचारते.