सिंदी (मेघे)चं घर आणि इसाराची घाई

दादा: सगळ्यांना सांगतो, वर्धेजवळच्या सिंदी मेघेतलं घर आम्हाला पसंत पडलं. फोटो ग्रुपवर टाकले. दोन खोल्या, हॉल, किचन, मागं विहीर. मालक सांगून राहिला, रविवारपर्यंत इसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) द्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

ताई: अंगण किती मोठं आहे! वर्धेत एवढ्या पैशात फ्लॅट नाही येत.

मामाजी: मागच्या खोलीचा फोटो मोठा करून पाहिला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे नं? रंग नवा आहे तरी दिसते.

दादा: प्लास्टरची आहे म्हणे. लांबी (पुट्टी) भरून देतो म्हणाला.

मामाजी: बाबू, प्लास्टरची भेग बारीक असते, कुठंही जाळी धरते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघाली म्हणजे पाया हलल्याची शंका घ्यावी. तिकडची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या तू लहानपणापासून पाहतो. घराखाली तेच होते. त्यात भिंतीलगतची माती जास्त भिजते आन् सुकते, मधली तेवढी नाही. मग घर सारखं उचलत नाही, एका अंगानं उचलते अन् भिंत फाटते. म्हणून पाया मुरूम, म्हणजे खालचा कडक थर, लागेपर्यंत न्यावा लागते. मुरूम फार खोल असला तर बुडाशी फुगा काढलेले पाइल, म्हणजे काँक्रीटचे खोल खांब, घालून वरून प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची आडवी तुळई, बांधतात. जोत्यातला भरावही मुरमाचाच पाहिजे. खोदलेली काळी माती तशीच आत लोटली तर पुढं फरशी वर येते, अन् पैसे वाचवणारे नेमकं हेच करतात. लांबी भरून यातलं काहीच सुधारत नाही.

दादा: पण घर तर बांधून झालं. पाया आता कसा पाहणार?

मामाजी: मालकाला विचारून भिंतीला लागून बाहेरून खड्डा घ्यायचा. पाया कुठवर गेला, मुरूम लागला का, सगळं दिसते. खड्डा नाही घेऊ दिला तर ते घर सोडून दे.

वहिनी: मामाजी, मला विहिरीची चिंता आहे. सेप्टिक टँक अगदी जवळ दिसला, पंधरा-वीस पावलं असेल.

मामाजी: पन्नास फूट तरी पाहिजे, बेटा. टेप लावून मोजू. कमी भरलं तर ते पाणी प्यायचं नाही.

काकाजी: कागद कोणते दाखवले?

दादा: नमुना 8 आणि घरटॅक्सची पावती.

काकाजी: नमुना 8 ही ग्रामपंचायतीची कर आकारणी आहे. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. सातबारा काढ, भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 ते पाहा. वर्ग 2 असला तर परवानगीशिवाय विक्री नाही. अकृषक आदेश, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी, अन् मंजूर ले-आऊटचा नकाशा माग. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांचा तपास, करून घे. बँकही कर्जाआधी हेच मागते.

ताई: आणि दादा, रजिस्ट्री एकट्या वहिनीच्या नावानं कर. 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे.

वहिनी: मला चालते. पण आधी पाया पाहू.

दादा: मालकाला फोन केला. खड्ड्याला हो म्हणाला, पण नकाशा शोधावा लागेल म्हणे. मी सांगितलं, नकाशा हाती आल्याशिवाय इसार नाही.

मामाजी: बरं केलं. शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो. सब्बल, फावडं अन् टेप काढून ठेव.