मदत हवी आहे: किचनच्या शटर्सना (कपाटांच्या दारांना) कोणता रंग द्यावा? (जरा लवकर सांगा)

झुळूक
किचन अगदीच जुनाट दिसायला लागलंय. नवीन करायचं बजेट नाही, म्हणजे अजिबातच नाही. म्हणून शटर्स घरीच रंगवायची ठरवलीत. खाली गडद आणि वर फिकट करू की सगळीकडे एकच? ऑफ-व्हाइट पटकन मळतो का? प्लीज फक्त रंगाबद्दल सांगा, 'सगळं काढून नवीन कर' हे घरात रोज ऐकतेय. शनिवार-रविवारी उरकायचं आहे, महिनाअखेरीला पाहुणे येणार आहेत.

रंधा
रंग नंतर. शटर्स कशाची आहेत? प्लायवर सनमायका, एमडीएफवर (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड) प्लास्टिकचं फॉइल, अस्सल लाकूड, पत्रा? प्रत्येकाचं प्रायमर वेगळं.

झुळूक
गुळगुळीत आहेत. पांढरी होती, आता पिवळट झालीत. आतून लाकूडच असणार ना?

रंधा
'असणार' वर रंग टिकत नाही हो. एका दाराची बिजागरी सोडवा. तिचा कप बसतो ते ३५ मिमीचं गोल खोबण दिसेल. त्याच्या कडेला थरावर थर दिसले तर प्लाय, बारीक एकजीव खाकी भुसा दिसला तर एमडीएफ, जाडाभरडा दाणेदार असला तर पार्टिकल बोर्ड. पाच मिनिटांचं काम आहे.

चकचकीत
रंगाच्या भानगडीत पडूच नका. मी व्हिनाइल रॅप (चिकटवायची प्लास्टिक शीट) लावलं. वास नाही, सुकायची वाट बघणं नाही, कंटाळा आला की काढून दुसरं. हेअर ड्रायरने कोपरे गरम करून ओढून बसवायचं. माझं अजून जसंच्या तसं आहे.

रंधा
@चकचकीत, रॅप ज्या थरावर चिकटवणार तोच सुटत असेल तर? रॅपसकट हातात येईल.

चकचकीत
त्यांनी सुटतंय असं कुठे म्हटलंय? तुम्हाला प्रत्येक धाग्यात पॉलिश पेपर घासायला लावल्याशिवाय चैन पडत नाही.

धुराडे
चिमणीचं सक्शन किती आहे? पिवळेपणाचं मूळ तिथेच आहे. फिल्टर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजत घाला. डक्टला (धूर बाहेर नेणाऱ्या पाइपला) जितके कमी वळसे तितकं बरं. आमच्याकडे डक्टला तीन कोपरे होते, मोटर नुसती आवाज करायची. एक कोपरा कमी केला आणि फरक पडला.

झुळूक
चिमणी नाहीये आमच्याकडे.

धुराडे
मग तेच तर!

झुळूक
बिजागरी काढून बघितली. खाकी भुसा, म्हणजे एमडीएफ. आणि हो, शेगडीच्या बाजूच्या दोन दारांचा वरचा पापुद्रा कोपऱ्यातून सुटलाय, तिथे सध्या सेलोटेप लावलीय. सिंकखालचं दार खालून फुगलंय त्यामुळे नीट लागत नाही, पण समोर कचऱ्याचा डबा असतो, दिसत नाही. आता रंग सांगाल का?

रंधा
ताई, हे सगळं पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.
तो पापुद्रा म्हणजे पीव्हीसी फॉइल. शेगडीच्या उष्णतेने खालचा गोंद ढिला होतो, म्हणून तिथूनच सुरुवात होते. सुटलेल्या फॉइलवर रंग दिलात तर रंगासकट सोलून निघेल. रॅपचंही तेच (@चकचकीत, वाचताय ना?). त्या दोन दारांचं फॉइल पूर्ण काढा. हीट गन कमी तापमानावर, कोपऱ्यापासून सुरुवात, थोडं गरम करायचं आणि सपाट कोनात सावकाश ओढायचं. घाई केली की एमडीएफचे तंतू बरोबर उपटून येतात. खिडक्या उघड्या ठेवा. फॉइल जळायला लागेल इतकी उष्णता नकोच.
बाकीच्या दारांचं फॉइल घट्ट असेल तर राहू द्या. त्यांना फक्त तेलकटपणा काढून २२० नंबरच्या पेपरने हलका हात मारा, चमक गेली की पुरे. मग गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारं बाँडिंग प्रायमर. उघड्या झालेल्या एमडीएफला मात्र पाण्यातलं प्रायमर थेट लावू नका, तंतू फुगून खरखरीत होतो. ऑइल किंवा शेलॅक (लाख) बेसचं लावा, आणि कडांना दोन हात जास्त द्या, कडा सगळ्यात जास्त पितात.
आणि सिंकखालचं दार उगाच फुगत नाही. तिथे गळतंय कुठेतरी.

अक्का
रंगवण्याआधी टाइल्सकडे बघ गं. निम्मा जुनाटपणा टाइल्सच्या काळ्या पडलेल्या सांध्यांमुळे असतो. व्हिनेगर लाव, अर्धा तास ठेव, ब्रशने घास. मी ओट्यालाही तेच वापरते.

लिटमस
अक्का, ओटा संगमरवरी असेल तर व्हिनेगरने कायमचे पांढरट डाग पडतील. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने खातं. ग्रॅनाइट त्या मानाने सोसतं. टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउटही आम्लाने हळूहळू झिजतं. खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट आणि जुना टूथब्रश पुरतो.

अक्का
आमचा ओटा ग्रॅनाइटचाच आहे बाळा. आणि माझं किचन चकाचक आहे.

अवलिया_२
सोड्याने काय होणार? ब्लीच आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड मिसळून टाका, सगळं साफ.

लिटमस
@अवलिया_२, कृपया हा प्रतिसाद संपादित करा. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात तर जिवाशी खेळ आहे. धागाकर्तीने हे बिलकुल करू नये.

अवलिया_२
एवढं काही होत नाही. गंमत होती.

निवांत
घर भाड्याचं की स्वतःचं? भाड्याचं असेल तर घरमालकाला विचारलंय का?

झुळूक
स्वतःचं. ओटा ग्रॅनाइटचा. टाइल्सवर रंग द्यायचा विचार होता, पण आता भीती वाटतेय. सिंकखाली गळत नाहीये, मी हात लावून बघितलं, कोरडं आहे.

रंधा
नळ नुसता सोडून कळत नाही. खालचे पाइप पुसून कोरडे करा, प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळा. वर सिंक भोक बंद करून काठोकाठ भरा आणि मग एकदम सोडा. भरलेल्या सिंकच्या वजनाने जाळीखालचा जोड पाझरायला लागतो, ते रोजच्या वापरात दिसत नाही.

रात्रपाळी
अवांतर वाटेल, पण वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी लावा. तेवढ्यानेच किचन निम्मं नवीन वाटतं. पट्टी मागे भिंतीला चिकटवू नका, तिथून भिंतच उजळते. कपाटाच्या पुढच्या कडेजवळ लावा म्हणजे उजेड ओट्यावर पडतो. ४००० केल्विनच्या आसपास घ्या (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा असेल तर भाजी ताजी आहे की शिळी ते रात्रीही कळतं.

चकचकीत
४००० दवाखान्यासारखं वाटतं. ३०००.

रात्रपाळी
३००० ला पांढरं शटर पिवळं दिसेल. त्यांना पिवळेपणाच तर घालवायचाय.

झुळूक
टिश्यूचा उद्योग केला. जाळीखालचा टिश्यू लगेच ओला झाला. प्लंबर येऊन वॉशर बदलून गेला. दोन्ही दारांचं फॉइल निघालं, आतला एमडीएफ ठीक आहे. फुगलेलं दार घासून सपाट करता येईल का? आणि रंगाचं अजून कोणीच सांगितलं नाहीये!

रंधा
फुगलेला एमडीएफ परत बसत नाही. घासून सपाट केला तरी आतला भुसा सैल झालेला असतो, ओल लागली की परत फुगतो. ते एक दार त्याच मापाचं नवीन कापून घ्या. रंग सगळ्यांना एकच असल्याने नवं-जुनं ओळखू येणार नाही. रंगवण्याचा रॅपपेक्षा खरा फायदा हाच. जुन्या दाराच्या बिजागरीच्या खोबणी कडेपासून किती अंतरावर आहेत ते मोजून सुताराला द्या, नाहीतर दार टेकतच नाही.
शनिवार-रविवारचं सोडा. फोम रोलरने पातळ हात द्या, दोन हातांमध्ये नीट सुकू द्या. हाताला कोरडा लागला तरी रंग पूर्ण कडक व्हायला काही आठवडे जातात. पाहुणे असताना दारं ओल्या फडक्याने खसाखसा पुसू नका.

अक्का
रंगाचं मी सांगते. खाली गडद, वर फिकट. खालच्या दारांना पाय, पाणी, लहान मुलांचे हात लागतात. पण मळण्याचं म्हणशील तर ते रंगापेक्षा चकाकीवर असतं. अगदी मॅट घेऊ नकोस, घासलं की चट्टे उमटतात. सॅटिन घे, म्हणजे मंद चमकीचा.

रंधा
अक्कांशी सहमत. पहिल्यांदाच.

झुळूक
थँक्यू अक्का! खाली राखाडी-निळा घेते. हँडल्सही बदलू का?

रंधा
बदला, पण आधी दोन स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. बहुधा ९६, १२८ किंवा १६० मिमी असेल. तेवढ्याच अंतराची नवी आणलीत तर जुनी भोकं बुजवायला नकोत.

धुराडे
रंग लावायच्या आधी चिमणीचा काय तो निर्णय घ्या, डक्टसाठी वरच्या कपाटाला भोक पाडावं लागतं.